नाव घेतल्याशिवाय तुरा न्हाई

शुभे, तू नको म्हणाली होतीस ते मी करून आलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुला कपाळाला हात लावता येईल.

तुझी मामी म्हणते, "आवं, गेलेल्या पोरीसाठी चार शब्द लिवायचं तर बरं लिवा. भांडान कशाला?" मी म्हटलं, पोरीशी भांडत न्हाई, पोरीच्या बाजूनं भांडतोय. तर म्हणाली, "जित्तेपणी त्याच्यावरनंच तर तिच्याशी भांडला न्हवं?" ते खरं आहे. तुझ्या-माझ्यात भांडण असं एकच झालं आणि ते तू अर्धं टाकून गेलीस. उरलेलं मला एकट्यालाच भांडावं लागलं.

तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहितो. तू माझी सख्खी भाची. आक्का गेली तेव्हा तू पहिलीत होतीस. तुझा बाप फौजेत, लांब कुठं बर्फात. मी तुला कोरेगावला घेऊन आलो आणि तिथनं पुढं तू माझीच. माझा धंदा फेटे बांधायचा. शिक्षण चौथी, तेही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पुरं झालं. पण आमच्या भागात लग्न असो, निवडून आलेल्याची मिरवणूक असो, फेटा बांधायला मलाच बोलावतात. माझ्या हातचा फेटा आजवर कुणाच्या डोक्यावरनं सुटलेला नाही. घोड्यावर बसलेल्याचा नाही, दारू पिऊन नाचलेल्या वरबापाचाही नाही. हे मी गर्वानं सांगतो. गर्व करण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे, ते का लपवू?

फेट्याचं कापड बांधायच्या आधी दोघांनी दोन टोकांना धरून ताणायला लागतं, चुण्या घालून त्याची पट्टी करायला लागते. तुझी उंची माझ्या कमरेइतकी होती तेव्हापासून पलीकडचं टोक तू धरायचीस. मी म्हणायचो, "ताण की गं, जेवली न्हाईस का?" आणि तू म्हणायचीस, "तुमीच इकडं सरकताय मामा." खरंतर मी सरकत होतो. तुझ्या हाताला जोर पडू नये म्हणून सरकत होतो. हे तुला कधी सांगितलं नाही.

तू शिकत गेलीस. साताऱ्याला शिकलीस, मग सांगलीला गेलीस आणि विश्रामबागेत कॉलेजवर लागलीस. लागलीस म्हणजे तासांवर. दरवर्षी जून आला की पुन्हा नेमणूक, आणि त्या कागदावर सही तुझ्या मोठ्या सरांची. विभागाचे तेच प्रमुख. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. का लिहीत नाही ते शेवटी कळेल.

एका दिवाळीला तू घरी आलीस. मी ओसरीला चहा पीत होतो. तू आत मामीला काहीतरी समजावून सांगत होतीस आणि मला ऐकू आलं, "अडाणी नसला की लाल होतं बघ, मामी. अडाणी कमी पडला की आतल्या आत चिडतं." मी बशी खाली ठेवली. आत जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "अडाणी कुणाला म्हणतीस? ज्यानं पाट्या घेऊन दिल्या त्याला?" तू माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस. मग एवढी हसलीस की तुझा चहा नाकातनं आला. मामी पाठीवर थापट्या मारतेय आणि तू म्हणतेस, "मामा, अडाणी न्हाई. ॲडेनीन. ॲ-डे-नीन." मी म्हटलं, "तेच ते."

त्या दिवसापासनं आपल्या घरात त्याचं नाव अडाणीच पडलं. तू मला सांगितलंस की जिवंत असलेल्या प्रत्येक पेशीत हा अडाणी असतो. गवतात असतो, बैलात असतो, पंतप्रधानातसुद्धा असतो. पेशीनं आईबापाकडनं जे आणलेलं असतं, त्याची जी लांबलचक लिपी असते, त्यातलं एक अक्षर हा. आणि पेशीला काम करायला जो दम लागतो, त्या दमाच्या नाण्यातसुद्धा हाच. मी म्हटलं, "म्हंजी वारसा लिवायला बी अडाणी आन घाम गाळायला बी अडाणीच?" तू म्हणालीस, "हां मामा. त्याच्यावाचून जग एक दिवस चालायचं न्हाई." मी लय खूश झालो. पारावर जाऊन चार जणांना सांगितलं. एकानं विचारलं, "मग तो अडाणी मतदानाला येतो का?" त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

मग एकदा तू मला तुझी प्रयोगशाळा दाखवलीस. मी चपला बाहेर काढल्या, तर तू म्हणालीस, घाला मामा, इथं घालायच्या असतात. आत पावाच्या खमिरासारखा वास. आणि काचेच्या चपट्या डब्या, झाकण लावलेल्या. तू त्यांना प्लेटा म्हणायचीस. एकीत पांढरे ठिपके होते, तांदळाची कणी पसरावी तसे. दुसरीत लाल. विटेसारखा लाल नाही, कुंकवासारखाही नाही. जुन्या जखमेवरची खपली असते तसा.

तू म्हणालीस, हे यीस्ट आहे मामा, पण जन्मतः अडलेलं. याला स्वतःचं ॲडेनीन करता येत नाही. बाहेरून भरपूर दिलं तर पांढरंफेक राहतं, मजेत वाढतं. कमी दिलं की ते स्वतःच करायला बघतं. निम्म्यापर्यंत जातं आणि तिथंच अडतं. ते अर्धवट राहिलेलं काम आत साठत जातं, साठत जातं आणि लाल होतं.

मी विचारलं, "लगीच हुतं का लाल?"

"न्हाई. आधी पांढरंच दिसतं, मग गुलाबी. मग थोडे दिवस थंडीत ठेवलं, फ्रीजमधे, की रंग चढतो. जितकं थंडीत राहील तितका गडद."

हे वाक्य मी विसरलो नाही. पुढं मला त्याचा उपयोग झाला.

मग तू तिसरी प्लेट उचललीस. त्यात ठिपका पांढरा होता, मोठा, गोल, भाकरीसारखा. पण त्या भाकरीच्या मधोमध सुरू होऊन कडेपर्यंत पसरत गेलेली एक लाल फाक होती. आत अणकुचीदार, बाहेर रुंद. तू समजावून सांगितलंस. या यीस्टला तू एक उसना तुकडा दिला होतास. तो जवळ असला की त्याचं भागतं, ते पांढरं राहतं. पण पेशी एकीच्या दोन होताना वाटणी चुकते कधी. एखादीच्या वाट्याला तो तुकडा येत नाही. मग ती लाल, तिच्या लेकी लाल, त्यांच्या लेकी लाल. वाटणी कुठं चुकली, कुणापासनं चुकली, ते असं उघड्या डोळ्याला दिसतं. माणसाच्या अंगात पेशींची वाटणी अशी चुकली की त्यातनं मोठमोठे आजार होतात, म्हणून जगभरची माणसं हे बघत बसतात.

मी त्या फाकेकडं बघत होतो. म्हटलं, "ह्यो तर तुरा हाय."

"काय?"

"तुरा गं. फेट्याचा. बुडाशी चिमटीत धरलेला आन वर पसरलेला. असाच असतो की."

तू प्लेट उजेडात धरलीस, फिरवलीस. मग म्हणालीस, "मामा, तुरा. हेच नाव." आणि दुसऱ्या दिवसापासनं तुझ्या वर्गातली पोरं तुरे मोजायला लागली. मी पुन्हा आलो तेव्हा एक पोरगी आतनं ओरडली, "मॅडम, तुरा आला." तू माझ्याकडं बघून डोळे मिचकावलेस. माझ्या चौथीतल्या शब्दाला कॉलेजात जागा मिळाली, त्या दिवशी मी ताठ मानेनं कोरेगावला आलो. एसटीत उभं राहून आलो तरी पाय दुखले नाहीत.

तुला श्रेय किती ते मी वाढवून सांगत नाही. तूच सांगायचीस, लाल यीस्ट माझं न्हाई मामा, ते जगात पूर्वीपासनं आहे. तुझं होतं ते एवढंच. यीस्टला घालायचं महागडं खाणं बाहेरनं मागवायला लागायचं, तू ते आपल्याकडच्या गुळाच्या पाण्यात बसवलंस. कितीतरी प्लेटा नासल्या, कितींना बुरशी आली. गुळाच्या ढेपा मी पाठवायचो, कधी चिक्की गूळ, कधी पिवळा, आणि तू फोनवर सांगायचीस, "हा न्हाई चालला मामा, याच्यावर सगळंच गुलाबी येतंय." शेवटी बसलं. आणि मग पाटणसारख्या ठिकाणच्या कॉलेजातल्या पोरांनासुद्धा, ज्यांच्याकडं बारीक बघायची धड दुर्बीण नाही, त्यांना पेशीची वाटणी डोळ्यांनी बघता यायला लागली. गूळ आणि एक शब्द. तुझं एवढंच.

तेवढंसुद्धा तुझ्या त्या मोठ्या सरानं सोडलं नाही.

आधी तो तुला हसायचा. "गुळावर संशोधन करता का बाई, मग पुढं बासुंदीवर करा." हे तूच सांगितलंस, हसत. मग बाहेरच्या कॉलेजांची माणसं बघायला यायला लागली तेव्हा त्याचा सूर बदलला. मग पुस्तिका छापली. वर नाव त्याचं, आत फोटो त्याचा, आणि शेवटी एक ओळ, सर्व सहकाऱ्यांचे आभार. पद्धतीचं नाव काय, तर तुरा पद्धत. तू ती पुस्तिका घरी आणलीस आणि मामीच्या पोळपाटाखाली सारून ठेवलीस. मी ती बघितली. तुझं नाव कुठं आहे ते शोधत बसलो. मला वाटलं मला वाचता येत नाही म्हणून सापडत नाही.

मी म्हटलं, "उद्या मी येतो सांगलीला."

"येऊन काय करणार?"

"इचारणार."

"मग जूनला माझी नेमणूक होईल का मामा?"

"न झाली तर न झाली. घरी ये. फेट्याचं टोक धर."

"मला टोक धरायला शिकवलंत का एवढं?"

तू असं बोललीस ते मला लागलं. मीही मग बोललो. म्हटलं, तुझ्यात पाणीच न्हाई, तुझ्या आईत होतं. तू म्हणालीस, नावासाठी काम करत नाही मी. मी म्हटलं, नाव नको असतं त्याला लोक फुकटचा बैल समजतात. मामीनं परात आपटली तेव्हा आपण थांबलो. मग तू माझी समजूत काढायला म्हणून चेष्टा केलीस. "मामा, तुमी सूड घेणार म्हंजे काय करणार? त्याचा फेटा असा बांधणार की स्टेजवर सुटून पडेल?" मी म्हटलं, "करीन बी." तू म्हणालीस, "तुमच्यानं हुयाचं न्हाई. तुमच्या हाताला ढिलं बांधता येतच न्हाई. म्हणून तर म्हणते, तुमचा राग काय कामाचा न्हाई. सोडून द्या. माझी शपथ घ्या."

मी शपथ घेतली नाही. तू जाताना "येते" म्हणालीस आणि मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. तिथं आपलं भांडण थांबलं. संपलं नाही.

त्यानंतर तू आजारी पडलीस आणि मिरजेचा दवाखाना आला. त्यातलं मी काही लिहिणार नाही. तू भुलीत असताना एकदा डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "मामा, प्लेटा." मी म्हटलं, "व्हय, ठेवल्यात फ्रीजमधे." मी ठेवलेल्या नव्हत्या, मला काय ठाऊक त्या कुठं आहेत. पण तुझा चेहरा निवला. एवढंच तुझ्या उपयोगी पडलो.

तुला पोचवायला मोठे सर आले नाहीत. हार पाठवला. हारावर कॉलेजचं नाव होतं, तुझं नव्हतं.

महिनाही झाला नव्हता, तोवर सांगलीच्या मांडववाल्याचा फोन आला. तो मला नेहमी कामं देतो. कॉलेजात सत्कार आहे, पाहुण्यांना आणि सत्कारमूर्तीला फेटे बांधायचेत. मी विचारलं, सत्कार कुणाचा? त्यानं सांगितलं. मी येतो म्हणालो.

मामी दारात आडवी झाली. "आवं, पोरीचं वरीस तरी हू द्या. सत्काराचं फेटं कसलं बांधताय? आन ते बी त्येचं?"

"त्येचंच."

"काय करायचं मनात हाय तुमच्या?"

"फेटा बांधायचं."

तिनं माझ्या डोळ्यात बघितलं आणि पिशवीत भाकरी घातली. जाताना म्हणाली, "मारामारी करू नगा. वय झालंय." कराडला गाडी बदलली. पिशवी मांडीवर होती, शेजारच्यानं विचारलं, लग्नाला का पाव्हणं? मी म्हटलं, व्हय, भाचीकडं.

खरं सांगतो शुभे, जाताना माझ्या मनात तेच होतं जे तू चेष्टेत बोलली होतीस. फेट्याची एक खोच आत असते, कानाच्या मागं. ती ढिली ठेवली तर फेटा दिसतो झकास. माणूस हिंडतो, फिरतो, हसतो. आणि नमस्काराला वाकला की सगळा उलगडून गळ्यात येतो. चारचौघांत फेटा उतरणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. रस्ताभर मी ती खोच मनातल्या मनात ढिली करत होतो.

हॉलबाहेर मोठा फलक होता. तुरा पद्धतीचे जनक, आणि खाली त्याचा हसरा फोटो. मी एकेक अक्षर वाचलं. आतल्या खोलीत पाहुणे बसले होते, त्यांचे भगवे फेटे बांधले, तुरे काढले. सत्कारमूर्तीला लाल. कापड ताणायला ऑफिसातला एक जाडजूड बाबू दिला होता. त्यानं टोक असं धरलं जसं कुणाचं मेलेलं जनावर धरलंय. तू नव्हतीस हे मला तेव्हा कळलं. स्मशानात कळलं नव्हतं एवढं तिथं कळलं.

मोठे सर खुर्चीवर बसले. फेटा बांधून घेणाऱ्याला मान हलवता येत नाही, ताठ बसायला लागतं. वर मी, खाली ते. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कुठनं?

"कुठले हो आजोबा?"

"कोरेगाव."

"अरे वा. कोरेगावची एक बाई होती आमच्याकडे. काय हो तिचं नाव?" हे त्या बाबूला.

बाबू म्हणाला, "वारल्या सर त्या. मागच्या महिन्यात."

"हां हां. वाईट झालं. मदत करायची आम्हाला."

मी पहिला वेढा घेतला. घट्ट घेतला. म्हटलं, "सर, बाहेर वाचलं. तुरा हे नाव लय झ्याक हाय. कुणाला सुचलं म्हणायचं?"

"अहो, सुचलं असंच. एका लग्नात बसलो होतो, फेटे बघत होतो, डोक्यात आलं. आपल्या मातीतलं नाव पाहिजे ना."

माझे हात दोन क्षण थांबले. मग पुढचा वेढा, त्याच्यापुढचा. कानामागची खोच आली. माझी बोटं तिथं पोचली. ढिली ठेवायची एवढंच होतं, निम्मी आत, निम्मी बाहेर. आणि माझी बोटं ऐकेनात. दयामाया आली असं समजू नकोस. मला वाटलं, उद्या सांगलीभर होईल, कोरेगावच्या म्हाताऱ्याचा फेटा सुटला. आयुष्यात सुटलेला पहिला फेटा, आणि तो ह्याच्या डोक्यावरचा? एवढी किंमत मी त्याला द्यायची? खोच मी अशी आवळली की त्यांचा कान लाल झाला. "जरा घट्ट होतंय," म्हणाले. "टिकंल," मी म्हटलं.

तू बरोबर होतीस. माझ्या हाताला ढिलं येत नाही. पण तू एक विसरलीस. बांधणाऱ्याच्या हातात शेवटचं टोक राहतं. तुरा सगळ्यात शेवटी निघतो.

टोक हातात धरून मी म्हटलं, "नाव घ्या."

खोलीतली माणसं हसली. एक पाहुणे म्हणाले, "सर, घ्या, घ्या, वहिनींचं नाव घ्या." सरही हसले. "अहो आजोबा, हे काय लग्न आहे का?"

"वैनींचं न्हाई. कोरेगावच्या पोरीचं. तिची पद्धत, तिचा गूळ. आन शबूद मी दिल्याला, तिच्या मामानं. स्टेजवर माइकमधी तिचं नाव घ्यायचं. घेतो म्हणा, तुरा काढतो. नाव घेतल्याशिवाय तुरा न्हाई."

हसणं थांबलं. सरांना वर बघता येईना, मी वरनं कापड धरलेलं. त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती. म्हणाले, "हे बघा, कार्यक्रमाची वेळ झालीय. भाषणात सगळ्यांचे आभार आहेतच."

"सगळ्यांचं नगं."

"नंतर बोलू आपण."

"बरं," मी म्हटलं, आणि टोक खाली चपटं दाबून खोचून टाकलं. हात झटकले आणि भिंतीला जाऊन उभा राहिलो. बाबू धावत आला, "अहो, तुरा?" त्यानं स्वतः ओढून बघितला. माझी खोच आहे ती, दोन बोटांनी निघते होय? सगळा फेटा सोडायला लागला असता, आणि आत घोषणा सुरू झाली होती.

स्टेजवर एका ओळीत बसले सगळे. पाहुण्यांचे तुरे पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते. आणि मधे हे, सपाट. सत्काराचा फेटा वाटेना, ओझं उतरवल्यावर डोक्यावर चुंबळ राहते तसं दिसत होतं. आधी पुढच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मागनं तुझी पोरं. शुभे, तुझीच पोरं ती. एकजण हळूच म्हणाला, "तुरा आला का?" दुसरा म्हणाला, "न्हाई आला." मग खसखस पिकली आणि ती काही थांबेना. ज्या हॉलमधे तुरा शब्दावर टाळ्या पडायच्या होत्या, तिथं तो शब्द उच्चारला की लोक त्यांच्या डोक्याकडं बघत होते. आणि भाषणात तो शब्द त्यांना सारखा घ्यायला लागत होता.

त्यांचा हात दोनदा डोक्याकडं गेला. मी भिंतीशी उभा होतो, त्यांना दिसेल असा. शेवटी घसा साफ केला आणि म्हणाले, "या कामात आमच्या एक सहकारी होत्या. आज त्या नाहीत. त्यांचं नाव घेणं माझं कर्तव्य आहे. दिवंगत शोभा मॅडम."

पोरांची खसखस एकदम थांबली. 

खाली उतरल्यावर ते सरळ माझ्याकडं आले. कपाळावर घाम. "घेतलं नाव. झालं समाधान? आता काढा तुरा, फोटो आहे."

मी म्हटलं, "ती शोभा कोन, मला ठाव न्हाई." आणि पिशवी उचलली.

फोटो तसाच निघाला. मांडववाला सांगत होता, तो मोठा करून विभागाच्या भिंतीला लावलाय, सगळ्या जुन्या प्रमुखांच्या रांगेत. तुझी पोरं जाता-येता बघतात आणि एकमेकांना विचारतात, आला का? मला हे ऐकून बरं वाटलं. दुसऱ्याची फजिती ऐकून बरं वाटू नये असं मामी म्हणते. वाटलं ते वाटलं.

घरी आलो तेव्हा मामी दारातच होती. "मारामारी केली?" "न्हाई." "मग?" मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. शोभा म्हटल्यावर पदर तोंडाला लावला. मग आत गेली आणि तिनं तुझा फोटो पुसला, सकाळीच पुसलेला असताना. बाहेर येऊन म्हणाली, "त्येचा कान लाल झाला म्हणलासा ना? किती लाल?"

तू असतीस तर रागावली असतीस. म्हणाली असतीस, मामा, पुरे, नावानं काय होतंय. आपलं भांडण तिथंच आहे बघ, जिथं पेपर तोंडापुढं धरून मी ते सोडलं होतं. मी अजून तुझं ऐकत नाही. आणि तू आता माझं ऐकून घेण्यापलीकडं काही करू शकत नाहीस, ते मात्र मला सहन होत नाही. तुझ्याकडनं उलट उत्तर यायला पाहिजे होतं. ते येत नाही म्हणून मी कधीकधी तुझ्या बाजूनंही बोलतो, तुझ्या आवाजात, आणि मग स्वतःलाच दटावतो. मामी आतनं विचारते, कुणाशी बोलताय?

एक राहिलं. तुझ्यामुळं मला कळलं की माझ्या अंगातसुद्धा ते अडाणी अक्षर आहे, तुझ्यात होतं तेच, आक्काकडनं आलेलं, तिच्या आणि माझ्या आईकडनं आलेलं. चौथी शिकलेल्या माणसाला असं काही कुणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेले. मला ते शब्द येत नाहीत. फेट्याचं टोक धरलंस, त्याबद्दल पण.

परवा मोठ्या सरांचा फोन आला. मांडववाल्याकडनं नंबर घेतला असणार. आवाज मऊ होता. म्हणाले, आजोबा, झालं गेलं सोडून द्या, फोटो पुन्हा काढायचा विचार आहे, तुम्ही एकदा येऊन जा, गाडी पाठवतो. मी म्हटलं, येतो की. कापड पण माझंच आणतो. फक्त आधी नाव पाठ करा. ते म्हणाले, सांगा ना, लिहून घेतो. मी सांगितलं नाही. तुमच्याच हजेरीपटाला असंल, म्हटलं, शोधा. तुमचं नाव बी मी कुठं लिवणार न्हाई तवर. मग कळंल, नाव नसलं की कसं वाटतंय.

अजून फोन आलेला नाही. शुभांगी. तीन अक्षरं आहेत, मला अडाण्यालासुद्धा लिहिता येतात.

मला घाई नाही. दुसरं लाल कापड धुऊन घडी करून ठेवलंय. आणि माझ्या आतलं ते अर्धवट राहिलेलं काम मी थंडीत ठेवलंय, तू सांगितलंस तसं. रंग चढतोय.